हवेचे चार वाटे

लातूरकडून बार्शीला येणारा रस्ता येडशीपर्यंत बालाघाटाच्या माथ्यावरून चालतो आणि तिथून रामलिंगाच्या बाजूने पांगरीकडे उतरायला लागतो. खंबाटकी किंवा कसाऱ्यासारखा या घाटाचा दरारा नाही, पण तूर, हरभरा, सोयाबीनची पोती भरून बार्शीच्या मार्केट यार्डाकडे आणि डाळ मिलांकडे येणाऱ्या ट्रकला त्याचा हिशेब ठेवावाच लागतो. तीन एक्सलच्या, म्हणजे दहा टायरच्या ट्रकचं मालासकट परवानगीचं वजन 2018 पासून साडेअठ्ठावीस टन आहे. ताशी 60 किलोमीटरने धावणारा असा ट्रक जागेवर थांबवायचा तर ब्रेकला सुमारे 40 लाख ज्यूल ऊर्जा गिळावी लागते. तोच ट्रक वेग न वाढू देता शंभर मीटर उंची उतरवायचा असेल तर हा आकडा 280 लाखांवर जातो. सपाटीवर सात वेळा करकचून थांबण्याइतकं काम एका उतारावर होतं. इंजिनाने आपला वाटा उचलला नाही, तर ते सगळं ब्रेक ड्रमच्या उष्णतेत जातं.

वजनाचा हा प्रश्न बार्शीला जुना आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने 1897 मध्ये बार्शी रोडपासून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून, बार्शी टाउनपर्यंत 762 मिलिमीटर रुंदीची छोटी रेल्वे सुरू केली, तेव्हा त्याचा सगळा आग्रह एका आकड्यावर होता: कुठल्याही एक्सलवर पाच टनांपेक्षा जास्त भार नको. इंजिन असो की डबा, हलक्या रुळांना सगळे एक्सल सारखेच जड वाटले पाहिजेत. ही रेल्वे बालाघाट चढून 1911 मध्ये लातूरला पोचली. आज त्याच बाजूने उतरणाऱ्या ट्रकच्या चार टायरच्या एकट्या एक्सलला साडेअकरा टनांची मुभा आहे. कॅलथ्रॉपच्या आगगाडीच्या दुपटीहून जास्त भार आता डांबरी रस्त्यावरून जातो, आणि तो आवरायची जबाबदारी एका ड्रायव्हरच्या उजव्या पायावर असते.

त्या पायाच्या जोरावर एवढं वजन थांबत नाही, हे उघड आहे. काम हवा करते. इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर हवा दाबून टाक्यांत भरतो. दाब साधारण आठ बारपर्यंत गेला की जादा हवा फुस्स करून बाहेर सोडली जाते. पायाखालचा व्हॉल्व्ह ही हवा चाकाजवळच्या ब्रेक चेंबरकडे पाठवतो. गॅरेजात त्याला सगळे बूस्टर म्हणतात. तीस चौरस इंचाच्या रबरी पडद्यावर सात बारचा दाब आला की तेराशे-चौदाशे किलोचा रेटा तयार होतो, आणि तो एकेका चाकाला वेगळा मिळतो. हवा फुकट आहे, संपली तर परत भरता येते, थोडी गळली तरी चालतं. पण टाकी एकच असेल आणि एक पाइप फुटला, तर सगळी हवा त्या एका भोकातून निघून जाते. मग ड्रायव्हरने पाय कितीही दाबला तरी खाली काहीच नसतं.

जॉर्ज वेस्टिंगहाउसला हे रेल्वेत कळून चुकलं होतं. 1869 मध्ये त्याने हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं. त्या पहिल्या रचनेत इंजिनातून हवा सोडली की ब्रेक लागायचे, आणि गाडी मधेच तुटली की हवाही जायची आणि ब्रेकही. पुढच्या तीन-चार वर्षांत त्याने ती रचना उलटी केली. प्रत्येक डब्याला स्वतःची टाकी दिली आणि पाइपातला दाब उतरला की ब्रेक आपोआप लागावा अशी सोय केली. ब्रेकच्या इतिहासातली मोठी कल्पना मला हीच वाटते. ब्रेक धडधाकट असताना तो किती जोरात लागतो हे कुणीही तपासून बघतं. त्यातलं काही मोडल्यावर तो कसा वागतो, हे त्याने सगळ्यांत आधी विचारलं. ट्रकखाली दडलेले सगळे प्रोटेक्शन व्हॉल्व्ह त्याच प्रश्नातून आले आहेत. भारतात ही विद्या मुख्यतः मद्रासमार्गे आली. ब्रिटनच्या क्लेटन ड्युआंड्रे कंपनीच्या सहकार्याने 1962 मध्ये तिथे सुंदरम-क्लेटन उभी राहिली, तिचा ब्रेकचा धंदा पुढे वॅब्को या नावाने चालला, आणि 2020 मध्ये वॅब्को जर्मनीच्या झेडएफ समूहात गेली. वॅब्को म्हणजे वेस्टिंगहाउस एअर ब्रेक कंपनी. बार्शीत उभ्या असलेल्या कितीतरी ट्रकच्या चासीवर त्या माणसाच्या कंपनीची आद्याक्षरं अजून ओतीव अक्षरांत वाचता येतात.

ट्रकमधला मुख्य राखणदार म्हणजे चार सर्किटचा सिस्टीम प्रोटेक्शन व्हॉल्व्ह. कॉम्प्रेसरकडून आलेली हवा एअर ड्रायरमधून कोरडी होऊन याच्यात शिरते आणि चार वाटांनी बाहेर पडते. एक वाट मागच्या चाकांच्या ब्रेकची, दुसरी पुढच्या चाकांची, तिसरी हँडब्रेक आणि ट्रेलरची, चौथी बाकीच्या किरकोळ कामांची: क्लच बूस्टर, एक्झॉस्ट ब्रेक, हवेचा हॉर्न. उसाला पाणी देणाऱ्याला हे लगेच उमगेल. एका पाटावर चार दारं आहेत. एका वाफ्याचा बांध फुटला तर ते दार बंद करायचं, म्हणजे बाकीचे तीन वाफे कोरडे राहत नाहीत. फरक इतकाच, की इथे दार बंद करायला कुणी फावडं घेऊन धावत नाही. दाराला स्वतःलाच ते कळावं लागतं.

ते कसं कळतं, हे बघायला मी एका गॅरेजात खोललेला व्हॉल्व्ह हातात घेतला. अॅल्युमिनियमचं ओतीव घर, तळहातावर मावेल न मावेल एवढं. चार तोंडांच्या मागे चार कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात एक रबरी पडदा, त्यावर एक बैठक आणि मागून दाबणारी एक जाड स्प्रिंग. मिस्त्रींनी एक पडदा काढून उजेडात धरला. मधोमध बैठकीचा गोल वळ उमटला होता, आणि सगळं कौशल्य त्या वळात आहे. दार बंद असताना आतली हवा पडद्याच्या वळाबाहेरच्या भागालाच ढकलू शकते. जागा कमी, म्हणून स्प्रिंगला उचलायला दाब जास्त लागतो, समजा सात बार. दार एकदा उघडलं आणि पलीकडची टाकी भरली, की वळाच्या आतल्या भागावरही हवा रेटू लागते. आता तीच स्प्रिंग कमी दाबातही उघडी राहते, आणि दाब साडेचार बारच्या आसपास उतरला तरच पुन्हा मिटते. नेमके आकडे मॉडेलगणिक बदलतात, पण उघडायचा दाब जास्त आणि मिटायचा कमी हे नातं सगळीकडे तेच. वायर नाही, सेन्सर नाही. पडद्याचं क्षेत्रफळ आणि स्प्रिंगचा जोर एवढ्यावर निर्णय होतो.

आता समजा, घाटात मागच्या चाकांकडे जाणारा पाइप फुटला. पहिल्या क्षणी चारही वाटा एकमेकींना जोडलेल्या असल्यामुळे दाब सगळीकडेच घसरू लागतो. डॅशबोर्डवरचे दोन्ही काटे खाली येतात, बझर ओरडतो, दिवा लागतो. मिटायचा दाब आला की फुटलेल्या वाटेचं दार बंद होतं. त्या बाजूचा काटा शून्याकडे जातो, दुसरा मात्र थांबतो. इंजिन चालू असेल तर कॉम्प्रेसर उरलेल्या तिघांना पुन्हा भरत राहतो, आणि दाब फुटलेल्या दाराच्या उघडायच्या दाबाशी पोचला की ते किंचित उघडून वरची जादा हवा सोडून परत मिटतं. म्हणजे एक सर्किट कायमचं गळत असतानाही बाकीच्यांत पुरेशी हवा राहते. पायाखालचा व्हॉल्व्हही दोन मजली असतो. एका मजल्याखाली हवा नसली तरी पॅडल दुसऱ्या मजल्याला ढकलतंच. ट्रक थांबायला अंतर जास्त घेतो, पण थांबतो.

ट्रेलरला हीच काळजी दुसऱ्या पद्धतीने घ्यावी लागते, कारण तिथे मोडण्याची सगळ्यांत नाजूक जागा उघड्यावर लोंबत असते. ओढणाऱ्या गाडीपासून ट्रेलरकडे दोन नळ्या जातात. लाल नळीतून ट्रेलरच्या टाकीत सतत हवा भरली जाते आणि पिवळीतून ब्रेक लावायचा हुकूम जातो. लाल नळी तुटली किंवा ट्रेलर सुटला, तर ट्रेलरवरचा इमर्जन्सी रिले व्हॉल्व्ह दाब पडल्याचं ओळखतो आणि स्वतःच्या टाकीतली हवा चेंबरमध्ये सोडून ट्रेलर जागीच जखडतो. पिवळी नळी तुटली तर मामला अवघड होतो. एरवी ती रिकामीच असते, त्यामुळे ब्रेक दाबेपर्यंत कुणाला पत्ताच लागत नाही. ड्रायव्हर ब्रेक दाबतो, हवा तुटक्या तोंडातून निसटते. अशा वेळी ट्रेलर कंट्रोल व्हॉल्व्हमधला एक छोटा भाग ओळखतो की हुकूम गेला पण पलीकडे दाब चढला नाही, आणि तो लाल नळीचा पुरवठा आवळतो. लाल नळीतली हवाही त्याच तुटक्या वाटेने बाहेर पडते. युरोपीय नियमांप्रमाणे तिथला दाब दोन सेकंदांत दीड बारपर्यंत उतरला पाहिजे. तो उतरला की ट्रेलर आपोआप ब्रेक धरतो. अमेरिकी गाड्यांत ओढणाऱ्या ट्रकची हवा वाचवायला वेगळा ट्रॅक्टर प्रोटेक्शन व्हॉल्व्ह असतो. ट्रेलर तुटून गेला तरी पुढच्या गाडीला थांबण्यापुरती हवा उरावी, एवढं त्याचं काम.

आमच्या भागात हे लिहिताना डबल ट्रॉलीचा विषय टाळता येत नाही. गळीत हंगामात सोलापूर जिल्ह्यातल्या रस्त्यांवर ट्रॅक्टरमागे उसाने लादलेल्या दोन-दोन ट्रॉल्या धावतात. त्यांतल्या बहुतेकींना स्वतःचा ब्रेक नसतो. ना लाल नळी, ना पिवळी. एक पिन आणि जमलं तर एक साखळी. पिन निसटली की मागची ट्रॉली कुणाचाच हुकूम मानत नाही. ज्या धोक्यावर रेल्वेने दीडशे वर्षांपूर्वी उपाय शोधला, तो दर हंगामात गावागावातून उघडा फिरतो, याचं मला फार वाईट वाटतं.

ट्रकच्या तिसऱ्या वाटेवर शेवटची राखण आहे. मागच्या बूस्टरमध्ये पार्किंगसाठी एक दणकट स्प्रिंग दाबून ठेवलेली असते. हवा तिला मागे रेटून धरते. हवा गेली की ती मोकळी होऊन ब्रेक धरते. म्हणून सगळीच हवा उतरली तर गाडी पळत नाही, जाम होते. अनेक रचनांत तिसऱ्या आणि चौथ्या वाटेला हवा पहिल्या दोघांतूनच मिळते, म्हणजे पायाच्या ब्रेकला हवा नसताना हँडब्रेक सोडून गाडी हलवता येऊ नये. सकाळी गाडी चालू करून ड्रायव्हर पाच-सात मिनिटं काटे चढायची वाट बघतो, ती याच कारणाने.

आणि याच कारणाने हा प्रोटेक्शन व्हॉल्व्ह नकोसा होतो. पडदा कडक झाला किंवा बैठकीत कचरा अडकला की एखादं सर्किट हळू भरतं, गाडी सुटत नाही, माल पोचवायची घाई असते. मग कुणीतरी व्हॉल्व्ह काढून टी-जोड लावून चारही पाइप सरळ करून देतं. गाडी झटपट हवा भरते, हँडब्रेक लगेच सुटतो, ब्रेकही उत्तम लागतात. काही बिघडलंय असं कुठेच दिसत नाही. चार सर्किटची गाडी एका सर्किटची झाली आहे, हे पाइप फुटेल त्या दिवशीच कळतं. रिपेअर किटचा खर्च टायरच्या तुलनेत नगण्य आहे. त्यासाठी कुणाचा जीव टांगणीला लावायची काही गरज नाही, हे मालकांनी मिस्त्रींना बजावून सांगायला हवं. चांगले मिस्त्री असं काम करायला नकार देतात, आणि त्यांचा तो नकार मोलाचा आहे.

पडदे अकाली मरतात ते पाण्याने आणि तेलाने. दाबलेली हवा थंड झाली की तिच्यातली वाफ पाणी होऊन साचते, कॉम्प्रेसर झिजला असेल तर त्यात तेल मिसळतं, आणि ते काळपट पाणी व्हॉल्व्हपर्यंत जातं. ड्रायरमधलं काडतूस वेळेवर बदलणं आणि टाकीची खालची कडी ओढून पाणी काढणं एवढ्याने बरंच आयुष्य वाढतं. घाटात डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणं हा दुसरा शत्रू. न्यूट्रलमध्ये इंजिनाची आणि एक्झॉस्ट ब्रेकची पकड जाते, सगळा भार ड्रमवर येतो, पाय पुन्हा पुन्हा पडतो आणि हवा खर्ची पडते; त्याच वेळी इंजिन मंद फिरत असल्याने कॉम्प्रेसर ती भरून काढू शकत नाही. घाट चढायला जो गिअर लागतो त्याच गिअरात उतरायचं, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम हवेच्या हिशेबातही बरोबर ठरतो.

जुनी गाडी घेताना व्हॉल्व्ह जिवंत आहे की नाही हे बघायला कुठलंही यंत्र लागत नाही. गाडी सपाटीवर उभी करून चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावायचे, हवा पूर्ण भरायची आणि इंजिन बंद करायचं. मग पहिल्या सर्किटच्या टाकीखालची कडी ओढून धरायची आणि दुसऱ्याला केबिनमध्ये काट्यांकडे बघायला बसवायचं. पहिला काटा शून्यावर जाईल. दुसरा काही अंतर खाली येऊन थांबला पाहिजे आणि थांबलेलाच राहिला पाहिजे. तोही पहिल्याच्या मागे खाली गेला, तर व्हॉल्व्ह मेलेला आहे किंवा कुणीतरी पाइप सरळ केले आहेत. मग इंजिन चालू करायचं: हवा पहिल्या टाकीतून वाहत असतानाही दुसरा काटा परत चढायला हवा. हेच दुसऱ्या टाकीवर करायचं. सगळं मिळून अर्धा तास पुरतो, आणि गाडीचा सौदा ठरण्याआधी तो मागायचा हक्क घेणाऱ्याला आहे.