नोवा हुता : आखून वसवलेलं शहर

पोलंडमधल्या क्राकोव शहराच्या पूर्वेला १९४९ साली एका नव्या नगराची पायाभरणी झाली. नाव ‘नोवा हुता’, म्हणजे नवा पोलाद कारखाना. वास्तुरचनाकार तादेउश प्ताशित्स्की यांनी मध्यवर्ती चौकातून पंख्याच्या काड्यांसारखे रस्ते काढले. प्रत्येक वसाहतीला अंगण, शाळा, पाळणाघर आणि दुकानं दिली, म्हणजे रोजच्या गरजांसाठी दूर जायला नको. चौकाभोवतीच्या कमानी मात्र युरोपातल्या प्रबोधनकाळाची आठवण करून देतात.

आराखड्यात एक गोष्ट मुद्दाम नव्हती : चर्च. समाजवादी सत्तेला हे देवळाविना नगर हवं होतं. १९६० साली रहिवाशांना हव्या असलेल्या चर्चच्या जागेवरचा क्रूस हटवायला माणसं आली तेव्हा रहिवासी रस्त्यावर उतरले. अखेर १९७७ मध्ये नावेच्या आकाराचं ‘आर्का पाना’ चर्च उभं राहिलं. त्याचं पवित्रीकरण करणारे कार्डिनल कारोल वोयतिवा पुढच्याच वर्षी पोप झाले. ती समाजवादी सत्ता जाताना, १९८९ साली, नगरातल्या गुलाबवीथी या रस्त्यावरचा लेनिनचा पुतळाही हटला.

इथे जाल तेव्हा चौक आणि चर्च दोन्ही पाहा. नगराचा नकाशा सरकारनं आखला. त्यात प्राण भरला तो माणसांनी.