आजारातून उठताना

गावात कोणी मोठ्या आजारातून उठले, की दोन तऱ्हा हमखास पाहायला मिळतात.

एका घरात माणसाला खाटेवरून खाली उतरू देत नाहीत. "तुम्ही पडून राहा. पाणी हवं तर हाक मारा," असे सगळे म्हणतात. दुसऱ्या घरात माणूस दवाखान्यातून आला, की आठ दिवसांत कुदळ हातात घेतो. "पेरणी तोंडावर आली. पडून कसं भागेल?" असे तो म्हणतो. पहिल्या घरात माया आहे. दुसऱ्या घरात पोटाची काळजी आहे. पण दोन्ही वाटा धोक्याच्या आहेत. मधली वाट कोणती, ती आपण पाहू.

पडून राहिल्याने काय होते?

विळा रोज वापरात असला तर चकाकतो. कोनाड्यात पडून राहिला तर गंजतो. आपल्या शरीराचेही तसेच आहे. माणूस फार दिवस पडून राहिला, की मांड्या आणि पोटऱ्या बारीक होतात. सांधे आखडतात. छातीत कफ साचतो. पाठीला जखमा पडतात. कधी पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते. ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते.

ही नुसती समजूत नाही. याची परीक्षा झालेली आहे. १९६६ साली अमेरिकेतील डॅलस या शहरात पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवले. ते विशीतले गडी होते. कसलाही आजार त्यांना नव्हता. तरी तीन आठवड्यांत त्यांचा दमसास पुष्कळ घटला. पुढे व्यायाम करून त्यांनी तो परत मिळवला. तीस वर्षांनी, १९९६ साली, त्याच पाच जणांना पुन्हा तपासले. तेव्हा काय आढळले? तीस वर्षांच्या वयाने जेवढी ताकद नेली नव्हती, तेवढी त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने नेली होती! धडधाकट माणसाची ही गत, तर आजाऱ्याची काय होत असेल?

पूर्वीचे मत आणि आताचे मत

पूर्वी डॉक्टरसुद्धा पडून राहायलाच सांगत. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला कित्येक आठवडे हलूही देत नसत. बोस्टनच्या डॉ. लेव्हिन आणि डॉ. लाउन यांनी अशा रोग्यांना लवकरच खुर्चीत बसवायला सुरुवात केली आणि १९५२ साली तो अनुभव प्रसिद्ध केला. पुष्कळांना ते भयंकर वाटले. पण बसवलेले रोगी बरे होऊ लागले.

त्यानंतर १९५३ साली लंडनचे डॉ. मॉरिस यांनी तिथल्या दुमजली बसवरच्या कामगारांची पाहणी प्रसिद्ध केली. ड्रायव्हर दिवसभर बसून असे. कंडक्टर तिकिटे देत दिवसभर जिना चढे-उतरे. बस एकच, पण हृदयाचा आजार ड्रायव्हरांना अधिक होता.

हृदय हा एक स्नायूच आहे. विहिरीवरचा पंप पाणी चढवतो, तसे ते रक्त चढवते. रोज बेताने चालले, की पायांचे स्नायू रक्तातला प्राणवायू नीट वापरू लागतात. मग तेवढ्याच कामाला हृदयाला कमी धडपड करावी लागते. म्हणून आज डॉक्टर म्हणतात, औषध घ्या आणि व्यायामही करा. एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही. चालू लागलो म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत.

सुरुवात कशी करावी?

महिनाभर गोठ्यात बांधलेला बैल आपण एकदम नांगराला जुंपतो का? नाही. आधी त्याला फिरवतो, मग हलके काम देतो. स्वतःच्या शरीरावरही तेवढीच दया करावी.

पहिली गोष्ट, डॉक्टरांना विचारावे. "मी किती चालू? जिना केव्हा चढू? ओझे केव्हा उचलू? शेतात केव्हा जाऊ?" हे चार प्रश्न दवाखान्यातून निघतानाच विचारावेत. लाजू नये. व्यायाम शिकवणारे फिजिओथेरपिस्ट असतात. ते कुठे भेटतील, तेही जिल्हा रुग्णालयात विचारावे.

झटक्यातून उठलेल्या माणसाला डॉक्टरांनी परवानगी दिली, की सपाट रस्त्यावर पाच मिनिटे चालावे, दिवसातून दोनदा. सोसले तर एक-दोन मिनिटे वाढवत जावे. असे करत काही आठवड्यांत अर्ध्या तासापर्यंत पोचता येते. सुरुवातीला सावकाश चालावे, मध्ये जरा वेग घ्यावा, शेवटी पुन्हा सावकाश. एकदम थांबू नये.

वेग किती असावा? त्याला यंत्र लागत नाही. चालताना शेजाऱ्याशी बोलता आले पाहिजे. एक वाक्य बोलतानाही धाप लागली, तर वेग जास्त झाला. कोणी सोबतीला असले तर फारच चांगले.

जेवल्याबरोबर चालू नये. कडक उन्हात चालू नये. ताप असेल त्या दिवशी व्यायाम बंद. ओझे उचलताना किंवा जोर लावताना दम कोंडू नये, कारण त्याने रक्तदाब एकदम चढतो. छातीचे हाड कापून बायपास झाली असेल, तर ते हाड सांधायला दोन-तीन महिने लागतात. तोवर हंडा, पोते, गवताचा भारा उचलू नये. बायाबापड्यांच्या बाबतीत हे घरातल्यांनी ध्यानात ठेवावे. आजारातून उठलेली बाई बहुधा स्वतःहून नको म्हणत नाही.

योगासनांचे काय, असे कोणी विचारील. झटका येऊन गेलेल्या सुमारे चार हजार रोग्यांवर भारतातल्या २४ रुग्णालयांत याची परीक्षा झाली. तिचा निकाल २०२० साली प्रसिद्ध झाला. योग शिकलेल्यांना बरे वाटू लागले आणि आपल्या नेहमीच्या कामाला ते अधिक चांगले लागले. मात्र योगाने पुढचा झटका टळतो, असे ठामपणे दिसले नाही. तेव्हा योग जरूर करावा, पण जाणत्याकडून शिकून आणि सोपा.

इतर आजारांत

साखरेच्या आजारात, म्हणजे मधुमेहात, चालण्याचा मोठा उपयोग होतो. चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. पण इन्सुलिन किंवा काही गोळ्या घेणाऱ्याची साखर फार खाली जाऊ शकते. हातपाय थरथरले, दरदरून घाम आला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर लगेच साखर खावी. म्हणून खिशात साखरेची पुडी ठेवावी. अनवाणी चालू नये. घरी आल्यावर तळपाय पाहावेत. मधुमेहात काटा मोडलेला कळत नाही, आणि जखम चिघळते.

लकवा झालेल्या माणसाचा हातपाय तसाच पडू देऊ नये. फिजिओथेरपिस्टकडून शिकून घरच्यांनी रोज त्याचे सांधे हळू हलवावेत. त्याला उठवताना लुळा हात धरून ओढू नये, खांदा निखळतो. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा लवकर होते. पण नंतरही ती होतच राहते. म्हणून कंटाळू नये.

केव्हा थांबावे?

छातीत दुखू लागले किंवा आवळल्यासारखे झाले, दुखणे हातात, पाठीत किंवा जबड्यात गेले, फार धाप लागली, घेरी आली, तर त्याच जागी बसावे. "एवढा बांध संपवतो, मग बसतो," असे म्हणू नये. डॉक्टरांनी जिभेखालची गोळी दिली असेल, तर त्यांनी सांगितल्याप्रमाणे ती घ्यावी. दुखणे थांबत नसेल, तर वेळ न घालवता १०८ क्रमांकावर फोन करून गाडी बोलवावी. हा फोन फुकट लागतो.

घरच्यांसाठी दोन शब्द

माया करा, पण माणसाला बसवून ठेवू नका. त्याला त्याचा पेला त्याच्या हाताने घेऊ द्या. "आज मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन येऊ," असे म्हणून बरोबर चला. एक हंगाम बटाईने गेला, तर तोटा भरून निघतो. कर्ता माणूस गेला, तर तो तोटा कशाने भरणार? पण तो माणूस कायमचा खाटेला खिळला, तर तोही तोटाच. म्हणून रोज थोडे चालायचे, रोज थोडे वाढवायचे. थेंबे थेंबे तळे साचे, हे आपण पैशांसाठी म्हणतो. ताकदीलाही ते तितकेच लागू आहे.