मुळशीचं पाणी आणि खांद्यावरची होडी

मैत्रिणींनो, नौकाविहार म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? महाबळेश्वरचं वेण्णा लेक, हातात भाजलेलं कणीस आणि वल्हं मारायला होडीवाला. आपण फक्त बसायचं! पण चार-चार दिवस स्वतः वल्हवत एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जायचं आणि मध्ये जमीन आडवी आली की होडीच उचलून चालू लागायचं, असाही एक प्रवास असतो. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात अल्गॉंक्विन नावाचं १८९३ साली राखलेलं मोठं रान आहे. तिथे हौशी मंडळी असेच हिंडतात. टोरांटोला लेक-जावई असलेल्या वाचकांनी नाव ऐकलं असेल.

होडी वाहून नेण्याच्या या वाटेला ‘पोर्टेज’ म्हणतात. शब्द फ्रेंच, अर्थ साधा : वाहून नेणं. पूर्वी कातड्यांचा व्यापार करणारे नावाडी अशा वाटेवर एका खेपेला सुमारे चाळीस किलोची दोन गाठोडी पाठीवर घेत. डोक्यावर दोन हंडे आणि कडेवर मूल घेऊन चढ चढणाऱ्या आपल्या बायकांना यात नवल ते काय वाटणार!

बायकांनी शिवलेली होडी

अशा प्रवासाची एक होडी म्हणजे कयाक. लांबट, अरुंद, एका माणसाची. दोन्ही टोकांना पाती असलेलं एकच वल्हं डावी-उजवीकडे मारत जायचं. ही मूळची उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची. लाकडाच्या किंवा हाडाच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून ती बनवत. सांगाडा पुरुष करत, पण कातडं शिवायचं काम बायकांचं. टाका असा घालायचा की थेंबभर पाणी आत येता कामा नये. टाका चुकला तर शिकारीला गेलेला घरधनी परत यायचा नाही. त्यांच्याकडे उमियाक नावाची दुसरी मोठी, उघडी होडीही असे. तिच्यातून मुलंबाळं, तंबू, कुत्री असा सारा संसार हलवायचा आणि वल्ही पुष्कळदा बायकांच्याच हाती असायची. तेव्हा ‘होडी म्हणजे पुरुषांचा खेळ’ असं कुणी म्हणालं तर ही गोष्ट जरूर सांगा.

आपल्याकडचं पोर्टेज

आता आपल्या मुळशीकडे या. पुण्याहून पौडमार्गे गेलं की साधारण ४५ किलोमीटरवर हे धरण लागतं. मुळा नदीवरचं हे धरण टाटांच्या वीज कंपनीने विसाच्या दशकात बांधलं. शाळेत भूगोल शिकवताना मी मुलींना नकाशावर बोट ठेवून विचारते, ‘हे पाणी कुठे जायला हवं?’ मुळा पुण्यात येते, संगमावर मुठेला भेटते, पुढे भीमा, मग कृष्णा आणि शेवट बंगालच्या उपसागरात. पण धरणात अडवलेलं पाणी वळतं पश्चिमेला. डोंगरातून बोगद्याने आणि नळांनी ते सुमारे ५०० मीटर खाली रायगड जिल्ह्यातल्या भिरा वीजघरात कोसळतं. वीज देऊन झाली की ते कुंडलिका नदीला मिळतं आणि कोलाड, रोहा करत रेवदंड्याजवळ अरबी समुद्रात जातं.

कोलाडला रबरी तराफ्यांतून उसळत्या पाण्यावर जाणारी तरुण मंडळी तुम्ही पाहिली असतील. ते पाणी भिऱ्याहून सोडलेलं असतं, म्हणूनच तिथे बारा महिने तराफे चालतात. म्हणजे मुळशीच्या तळ्यात वल्हवायचं, होडी गाडीवर बांधून ताम्हिणी घाट उतरायचा आणि खाली कोलाडला पुन्हा पाण्यात टाकायची, हे झालं आपलं पोर्टेज! वाट तुमची, पण घाट ओलांडायला पाणी तुमच्या आधीच गेलेलं असतं.

तळाशी काय आहे

या निळ्या पाण्याखाली भातखाचरं आणि गावं आहेत, हे मात्र विसरू नका. जमिनी जाणार म्हणून १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह पुकारला. पांडुरंग महादेव बापट त्याचे पुढारी. ‘सेनापती’ ही पदवी त्यांना याच लढ्यात मिळाली. कामावर जाऊन बसायला आणि तुरुंगात जायला बायकाही मागे नव्हत्या. लढा १९२४ पर्यंत चालला, धरण मात्र झालंच. मुंबईच्या गिरण्या, आगगाड्या आणि दिवे त्या विजेवर चालले. आपल्या घरी बटण दाबताना कुणाचं तरी अंगण पाण्याखाली गेलेलं असतं. भीमेच्या खोऱ्यातल्या दुष्काळी भागातून ‘हे पाणी पूर्वेला सोडा’ अशी मागणी आजही होते. आणि तळ्याकाठच्या काही वाड्यांना उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी वणवण करावी लागते. समोर सागरासारखं पाणी आणि घरात रिकामी घागर! होडी काठाला लावाल तेव्हा तिथल्या बाईशी दोन शब्द बोला. तिच्या हंड्याचं पोर्टेज रोजचं आहे.

जायचंच असेल तर

धरण वीज कंपनीचं आहे, तेव्हा पाण्यात उतरण्याआधी परवानगीची चौकशी करा आणि जाणत्या शिकवणाऱ्याबरोबरच जा. दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे बरे. पावसाळ्यात नाव काढू नका. ताम्हिणीचा पाऊस म्हणजे गंमत नव्हे.

तरंगतं जाकीट अंगात घालायचं, पट्टे आवळून. ‘होडीत ठेवलंय की’ म्हणणं व्यर्थ. पोहता येत असलं तरी घालायचं. होडी उलटली तर तिला सोडून काठाकडे पोहत सुटू नका. उलटी होडीही तरंगते, तिला धरून राहा.

सकाळी लवकर निघा. दुपारी वारा सुटला की लाटा उठतात आणि समोर दिसणारा काठ जवळ येता येत नाही. नवख्या माणसाने तासाला तीन-चार किलोमीटरच धरावे.

साडी आणि ओढणी घरी ठेवा. लवकर वाळणारा कुडता-पायजमा बरा. चष्म्याला दोरी बांधा. मंगळसूत्र, बांगड्या काढून ठेवल्या तर काही बिघडत नाही.

खायला दुधातल्या दशम्या, तिळाची चटणी, शेंगदाण्याची चिक्की आणि खजूर. सगळं प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत, प्रत्येक पिशवीला वेगळी गाठ मारून. पिण्याचं पाणी घरूनच न्या आणि कचरा परत आणा.

आणखी एक. पोहायला शिकायचं वय गेलं, असं म्हणू नका. पोहण्याच्या तलावांवर बायकांसाठी वेगळी वेळ असते, तिथे नाव घाला आणि मुलीलाही बरोबर न्या. तळ्याकाठी सहलीला गेल्यावर बुडण्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. पाण्याची भीती आईकडून लेकीकडे जाते, तशी पाण्याची ओळखही जाते. कोणती द्यायची, ते आपणच ठरवायचं.