संपर्काच्या वाटा : भाग सहावा
बाभळीचं पाणी आणि बासरची रेंज

मागच्या आठवड्यात आपण अंटार्क्टिकातल्या 'भारती' केंद्रावर होतो. या खेपेला एवढं लांब जायचं नाही. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, तेलंगणाच्या वेशीवर धर्माबाद आहे. लाल मिरचीची बाजारपेठ, सिकंदराबादकडे जाणारा लोहमार्ग, अर्धा बाजार मराठीत आणि अर्धा तेलुगूत. या गावाला कुणी दुर्गम म्हटलं तर धर्माबादकर चिडतील, आणि ते बरोबरच आहे. पण रात्री धो धो पाऊस लागला, ओढ्यावरचा पूल पाण्याखाली गेला, लाइट गेली आणि पाठोपाठ टॉवरही बंद पडला, तर तालुक्यापासून दहा किलोमीटरवरचं खेडं त्या रात्रीपुरतं दुर्गमच होतं. अंटार्क्टिकातल्या माणसाकडे निदान अशा रात्रीची तयारी असते.

धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे. राज्याची हद्द तिथून खाली अवघ्या सात किलोमीटरवर. बंधाऱ्याच्या पाण्यावरून दोन राज्यांत पेटलेला वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल लागला. त्यानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात बंधाऱ्याचे दरवाजे उघडे ठेवायचे, नंतर अडवायचं ते पाणी २.७४ टीएमसी, आणि त्यातलं ०.६ टीएमसी १ मार्चला खाली सोडायचं. पाण्याच्या वाटणीबद्दल इथल्या शेतकऱ्याचं गाऱ्हाणं वेगळं आहे, त्यात आज शिरत नाही. आपल्याला बघायचं आहे ते निरोपाचं.

गोदावरीचा पूर इथे वरून येतो. जायकवाडी, माजलगाव, येलदरी-सिद्धेश्वर, मग नांदेडचं विष्णुपुरी. प्रत्येक ठिकाणी किती क्युसेक विसर्ग सुरू झाला हे कळत गेलं, तर पाणी पोचेपर्यंत खालच्या गावांच्या हातात काही तास राहतात. ही अर्धी गोष्ट झाली. उरलेली अर्धी खालून येते. बंधाऱ्याच्या खाली कंदकुर्तीला मांजरा येऊन मिळते, त्याच्याही खाली श्रीरामसागर, म्हणजे लोकांच्या तोंडातलं पोचमपाड. ते धरण काठोकाठ भरलं आणि मांजराही दुथडी असली की गोदावरीला पुढे सरकायला जागा उरत नाही. फुगवट्याचं पाणी मागे येऊन धर्माबाद, बिलोलीकडच्या शिवारात पसरतं. म्हणून पोचमपाडच्या दरवाज्यांची खबर इथल्या माणसाला विष्णुपुरीइतकीच लागते. फरक एवढाच की ती दुसऱ्या राज्यातून यावी लागते.

आता टॉवर का बंद पडतो ते पाहू. टॉवरला दोन गोष्टी लागतात, वीज आणि पुढे जोडणारी वाट. वीज गेली की बॅटरी काही तास रेटते, नंतर जनरेटर. पण डिझेल घेऊन येणारी गाडी पुलाच्या पलीकडे अडकली तर जनरेटर असून नसल्यासारखा. पुढची वाट बहुधा फायबरची, आणि फायबर रस्त्याच्या कडेने पुलाबरोबर ओढा ओलांडतं. पूल खचला की तेही तुटतं. टॉवर उभा दिसतो, फोनवर रेंजच्या काड्याही दिसतात, बोलणं मात्र होत नाही. यावर इलाज म्हणजे फायबर गोल फिरवून दोन बाजूंनी जोडणं, किंवा दुसऱ्या टॉवरशी मायक्रोवेव्हची डिश लावणं. दोन्हींना पैसा लागतो, आणि शंभर-दीडशे उंबऱ्यांच्या गावासाठी तो कंपनी आपणहून घालत नाही.

पावसाच्या नोंदींचंही असंच. राज्य सरकारच्या 'महावेध' प्रकल्पात महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली, राज्यभर दोन हजारांहून जास्त. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की ती अतिवृष्टी धरली जाते आणि मदतीचा हिशेब तिथून सुरू होतो. म्हणजे शेतात गुडघाभर पाणी असो, सरकारदरबारी खरा तो आकडा. ज्या रात्री सगळं ठप्प होतं, नेमक्या त्याच रात्री तो आकडा वेळेवर पोचायला हवा. केंद्रीय जल आयोगाने मोजणी केंद्रांसाठी उपग्रहाची वाट धरली ती याच कारणाने. नदीकाठी एक खांब, सौर पाटी, बॅटरी, पाण्याची पातळी मोजणारं यंत्र आणि आकाशाकडे तोंड केलेला अँटेना. हे यंत्र ठरल्या वेळी क्षणभर जागं होतं, काही आकडे इन्सॅटकडे फेकतं आणि पुन्हा गप्प होतं. बोलणं इतकं थोडं, की छोट्या बॅटरीवर ढगाळ दिवसही निभतात. खडतर जागी टिकणारं जाळं वेगवान नसतं, मितभाषी असतं. आपण मात्र जाहिराती पाहून वेगालाच भुललो आहोत.

पोलीस ठाण्यातला वायरलेस हा त्यातलाच जुना गडी. वरच्या अँटेनाला चाळीसेक मीटर उंची मिळाली तर सपाट मुलखात तीसेक किलोमीटरपर्यंत त्याचा आवाज जाऊ शकतो, मध्ये फायबर नाही, कंपनी नाही. एक बोलतो, सगळे ऐकतात. हौशी मंडळींचा रेडिओही याच जातीचा. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमानचे फोन बंद पडले तेव्हा पोर्ट ब्लेअरला असलेल्या हौशी रेडिओचालक भारती प्रसाद आणि त्यांच्या सोबत्यांनी त्यावरूनच मुख्य भूमीशी संपर्क ठेवला होता.

पण वायरलेसचा निरोप ठाण्यापर्यंत पोचतो, घराघरात नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यातल्याच मुखेड तालुक्यात हसनाळ आणि आसपासच्या गावांत पाणी शिरलं ते रात्री. झोपलेल्या माणसाला एसएमएस जागं करत नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आणि सी-डॉट यांची 'सेल ब्रॉडकास्ट' यंत्रणा त्यासाठीच आहे. २०२३ मध्ये चाचणीच्या वेळी सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले, ती हीच. एसएमएस एकेका नंबरला जातो आणि गर्दीत अडकतो. हा इशारा टॉवर एकदाच सोडतो, आणि त्याच्या टप्प्यातला प्रत्येक फोन तो उचलतो. नंबर कुणाचा, कुठला, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

धर्माबादची खरी मेख इथे आहे. वेशीवरच्या गावातला फोन बरेचदा पलीकडचा, तेलंगणातल्या बासरकडचा टॉवर पकडतो. फोन मराठी माणसाचा, पाणी बाभळीचं, पण इशारा येणार तो पलीकडच्या टॉवरचा, पलीकडच्या जिल्ह्यासाठी लिहिलेला, कदाचित तेलुगूत. वादळाच्या काळात दूरसंचार विभाग एका कंपनीच्या ग्राहकाला दुसऱ्या कंपनीचा टॉवर वापरू देतो, तीही सोय एकाच दूरसंचार मंडळापुरती. धर्माबाद महाराष्ट्राच्या मंडळात, बासर आंध्रच्या, कारण दूरसंचारच्या लेखी तेलंगणा अजून आंध्र मंडळातच मोडतं. दरवाजे उघडायला बाभळीवर दोन्ही राज्यांचे अधिकारी हजर असतात. तसंच दोन्ही काठांना एकच इशारा, मराठीत आणि तेलुगूत, एकाच वेळी सुटेल असं ठरवायला नवं धरण लागत नाही की नवा उपग्रह. ते अजून सरावाचा भाग नाही, हा माझ्या मते तंत्राचा नव्हे, दुर्लक्षाचा प्रश्न आहे.

तोवर नदीकाठच्या वाचकांनी एवढं करावं. फोनच्या सेटिंगमधला आपत्कालीन इशारा चालू ठेवावा. देवळाच्या किंवा मशिदीच्या भोंग्याला बॅटरी जोडलेली आहे का, ते पावसाळ्याआधी तपासावं. आणि येत्या ग्रामसभेत तलाठ्याला विचारावं, की विसर्ग वाढल्याचा निरोप रात्री दोन वाजता गावात कुणाला येतो, आणि त्याचा फोन लागला नाही तर दुसरा माणूस कोण? दोन्ही नावं ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून घ्या.