ऐकणाऱ्याचेही कुणीतरी ऐकावे

एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांची १७ वर्षांची मुलगी गावात ‘साथिया’ म्हणून काम करते. त्या लिहितात, “दोन आठवड्यांपासून ती नीट जेवत नाही. रात्री जागीच असते. विचारले तर ‘काही नाही’ म्हणते. मैत्रिणींच्या अडचणी ऐकून ऐकून तिला असे झाले असेल का? हे काम बंद करायला सांगू का?” ओळख पटू नये म्हणून पत्रातील तपशील थोडा बदलला आहे. प्रश्न मात्र एका घरापुरता नाही, म्हणून आज त्याविषयीच लिहितो.

साथिया म्हणजे कोण?

केंद्र सरकारने ७ जानेवारी २०१४ रोजी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. तो १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी आहे. आहार, मानसिक आरोग्य, प्रजनन आरोग्य, व्यसने, अपघात व हिंसा आणि मधुमेह-रक्तदाबासारखे पुढे जडणारे आजार असे सहा विषय त्यात येतात. या वयातली मुले डॉक्टरकडे आपणहून येत नाहीत. आईवडिलांशी मोकळेपणाने बोलत नाहीत. बोलतात ती बरोबरीच्या मुलांशी. म्हणून गावातलीच १५ ते १९ वर्षांची मुले-मुली निवडून त्यांना प्रशिक्षण द्यायचे ठरले. साधारण हजार वस्तीमागे दोन मुलगे आणि दोन मुली. हेच साथिया. त्यांना पगार नाही. अभ्यास, शेतातले काम, घरकाम सांभाळून ती हे करतात.

कार्यक्रमात या मुलांची महिन्यातून एकदा उपकेंद्राच्या पातळीवर बैठक सांगितली आहे. आमच्या भागातल्या बैठकीला मी जमेल तेव्हा जातो. पाच-सहा गावांची मुले सतरंजीवर गोल करून बसतात. बैठक नर्सबाई चालवतात. मी शक्यतो कोपऱ्यात बसून ऐकतो. कारण डॉक्टर बोलू लागला की मुले वह्या काढतात आणि त्यांचे बोलणे थांबते.

एकमेकांची शिकवणी

एकदा लोहाच्या निळ्या गोळ्यांचा विषय निघाला. शाळेत आठवड्याला मिळणारी ही गोळी मुली तोंडात धरतात आणि बाहेर जाऊन थुंकतात, अशी एकीची तक्रार होती. मळमळते, शौचाला काळे होते, मग घाबरतात. दुसऱ्या गावची मुलगी म्हणाली, “आमच्याकडेपण असंच होतं. मी सांगितलं, जेवण झाल्यावर घ्या आणि नंतर तासभर चहा नको. काळं होणारच, त्यात लोह आहे. आणि पहिली गोळी मी त्यांच्यासमोर गिळली.”

तिचे म्हणणे वैद्यकीयदृष्ट्या अगदी बरोबर होते. रिकाम्या पोटी घेतल्यास मळमळ जास्त होते आणि चहामुळे लोह अंगी कमी लागते. जेवणात लिंबू किंवा आवळा असला तर उलट ते जास्त लागते. पण स्वतः समोर गोळी गिळण्याची युक्ती तिची तिलाच सुचलेली होती. पुढच्या बैठकीपर्यंत आणखी तीन गावांत ती वापरली गेली.

एका मुलाची अडचण वेगळीच. “मावा सोडा म्हटलं की पोरं मलाच ‘आले डॉक्टरसाहेब’ म्हणून चिडवतात.” त्याला दुसऱ्याने सांगितले, “तू ‘सोड’ म्हणूच नको. महिन्याच्या पुड्या मोजायला लाव. माझ्या दोस्तानं कॅलेंडरवर रेघा मारल्या. पैशांचा हिशेब बघून त्यालाच घाम फुटला.”

शपथेचे ओझे

पण गोळ्या आणि मावा हे हलके विषय झाले. पत्रातल्या मुलीसारखी उतरलेला चेहरा घेऊन आलेली मुलेही मी या बैठकीत पाहिली आहेत. एक मुलगी सगळा वेळ ओढणीच्या टोकाशी चाळा करत गप्प बसली होती. तिचा नंबर आला तेव्हा एवढेच म्हणाली, “मैत्रिणीनं मला एक गोष्ट सांगितलीय. शपथ घातलीय.”

कोणी काही बोलेना. मग तिच्याहून थोडी मोठी एक साथिया हळूच म्हणाली, “जिवाचं काही बोलली का?” तिने मान हलवली. “मग शपथ मोडायची. रुसली तर रुसू दे. रुसायला ती असायला पाहिजे ना?”

मैत्रिणीचे नाव त्या गोलात कोणी विचारले नाही. नर्सबाई त्या मुलीला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. त्याच संध्याकाळी त्या आशाताईंना घेऊन मैत्रिणीच्या घरी पोचल्या. आधी घरातले फवारणीचे औषध बाहेर काढून कुलपात ठेवले. रात्री मुलीला एकटी सोडली नाही. दुसऱ्या दिवशी तिला मैत्री क्लिनिकमध्ये समुपदेशकाकडे नेले. ही क्लिनिके सरकारी रुग्णालयांत खास किशोरवयीनांसाठी असतात. पुढे काही महिने तिचे उपचार चालले. आज ती कॉलेजात जाते.

मला त्या दिवशी काळजी साथिया मुलीचीही वाटली. पंधरा दिवस ती हे एकटी वाहत होती. जाताना मोठीने तिचा हात धरून म्हटले, “माझंपण असंच झालं होतं. मला तर जेवणच जात नव्हतं.” तिचे रडे तेव्हा फुटले. माझ्या कोणत्याही औषधाने तेवढे काम झाले नसते.

हा अनुभव जुना आहे. १९५३ मध्ये लंडनमध्ये चॅड वारा नावाच्या धर्मगुरूंनी आत्महत्येचा विचार करणाऱ्यांसाठी टेलिफोनवर मदत सुरू केली. पुढे ती ‘समॅरिटन्स’ म्हणून प्रसिद्ध झाली. त्यांना भेटायला येणाऱ्यांना बाहेर चहा देऊन सोबत करायला साधे स्वयंसेवक असत. त्यांच्याशी बोलूनच पुष्कळांचे मन हलके होई. हे पाहून वारांनी ऐकण्याचे काम स्वयंसेवकांकडेच सोपवले. मात्र पाळी संपल्यावर स्वयंसेवकाने सहकाऱ्याशी बोलून, मन मोकळे करूनच घरी जायचे, अशी तिथली पद्धत आहे. ऐकणाऱ्याचेही कोणी ऐकले तरच तो टिकतो.

साथियांनी काय पाळावे?

१) बैठक चुकवू नये. परीक्षेच्या दिवसांत अर्धा तास का होईना, भरवावी.

२) गोलात नाव, आडनाव, गल्ली सांगू नये. लहान गावात आडनाव म्हणजेच पत्ता. फार नाजूक गोष्ट नर्सबाईंना एकटे गाठून सांगावी.

३) “कोणालाच सांगणार नाही” असे वचन देऊ नये. “तुझ्या जिवाला धोका नसेल तोवर सांगणार नाही” असे म्हणावे. १८ वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार होत असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. अशा वेळी नर्सबाईंना ताबडतोब गाठावे.

४) शंका आली तर “जीव द्यावासा वाटतो का?” असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात भरतो, हा गैरसमज आहे. उलट बोलायला वाट मिळते.

५) शेजारच्या गावच्या एका साथियाशी जोडी ठेवावी. कठीण दिवशी तिला किंवा त्याला फोन करावा.

घरच्यांसाठी

पत्र लिहिणाऱ्या भगिनींना माझे सांगणे असे. काम लगेच बंद करायला सांगू नका. नाहीतर मनातले ओझे तसेच राहील आणि ते बोलून दाखवायची जागा मात्र जाईल. “कोणी काय सांगितलं?” असे खोदून विचारू नका. “तुला काय होतंय?” एवढेच विचारा आणि थांबा. नर्सबाईंना भेटा. दोन आठवडे झोप आणि भूक गेली असेल तर आणखी वाट पाहू नका. मुलीला स्वतःलाच मैत्री क्लिनिकमध्ये न्या. काही दिवस विश्रांती घेऊन ती पुन्हा काम करू शकेल.

रात्री-अपरात्री गरज पडल्यास सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते. ती ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली असून मराठीतही बोलता येते. अडचणीतल्या मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. दोन्ही क्रमांक कॅलेंडरवर लिहून ठेवावेत.

सरपंच आणि मुख्याध्यापकांनाही एक विनंती. या मुलांच्या बैठकीला फारसे काही लागत नाही. एक सतरंजी, पिण्याचे पाणी आणि दार लावता येईल अशी खोली एवढे पुरे. आपल्या गावात ती बैठक दर महिन्याला भरते का, याची चौकशी या आठवड्यातच करावी.