ताडोबाची गर्दी आणि कुटुंबाची सहल

चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाची ओळख आज मुख्यतः वाघांसाठी असली, तरी त्याचा इतिहास वाघांच्या गणनेपेक्षा जुना आहे. १९५५ साली ताडोबा तलावाभोवतीचे सुमारे ११६ चौरस किलोमीटर जंगल राज्यातील पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले, १९८६ साली लगतच्या जंगलाला अंधारी अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि नव्वदच्या दशकात दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. आज प्रकल्पाचे गाभा क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचे, तर त्याला वेढणारे बफर क्षेत्र सुमारे ११०० चौरस किलोमीटरचे आहे. गाभा क्षेत्र म्हणजे जेथे मानवी वापर शक्य तितका कमी ठेवून जंगल वन्यजीवांसाठी राखले जाते तो भाग, आणि बफर म्हणजे जेथे गावे, शेती, गुरेचराई व वन्यप्राणी एकमेकांच्या शेजारी नांदतात तो भाग. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००६ साली झालेल्या दुरुस्तीने या विभागणीला कायद्याचा आधार दिला. २०२२ च्या व्याघ्रगणनेत ताडोबात ९७ वाघ असल्याचा अंदाज नोंदवला गेला, आणि या आकड्याची कीर्ती जशी पसरत गेली तशी सुट्टीत मुलांना वाघ दाखवायला निघालेल्या कुटुंबांची संख्याही वाढत गेली.

येथील गर्दीचे स्वरूप समजून घेतल्याशिवाय सहलीची आखणी नीट होऊ शकत नाही, कारण ही गर्दी जत्रेतल्या किंवा समुद्रकिनाऱ्यावरच्या गर्दीहून मुळातच वेगळी आहे. जंगलात एका वेळी किती वाहने सोडायची हे धारणक्षमतेवरून, म्हणजे जंगल व प्राणी फारसे विचलित न होता किती पर्यटन सहन करू शकतील या हिशेबावरून, आधीच ठरलेले असते. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातले पर्यटन काही महिने थांबवले होते. त्यानंतर आलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी पर्यटनाला गाभा क्षेत्राच्या जास्तीत जास्त वीस टक्के भागापुरतेच मर्यादित केले. त्यामुळे पर्यटकांची मागणी कितीही वाढली, तरी आत जाणाऱ्या जिप्सींची, म्हणजे सफारीच्या उघड्या वाहनांची, संख्या तिच्याबरोबर वाढत नाही. वाढलेली मागणी दोनच ठिकाणी जाणवते, एक आरक्षणाच्या वेळी आणि दुसरे जंगलाच्या आत, जेथे एखादी वाघीण दिसली की परवानगी मिळालेली बहुतेक वाहने त्या एकाच वळणावर येऊन थांबतात. कुटुंबाच्या नियोजनाने या दोन अडचणींचा वेगवेगळा विचार करायला हवा, पण बहुतेक कुटुंबे पहिल्या अडचणीतच सगळी शक्ती खर्च करतात.

आरक्षणाची ओढाताण मुख्यतः दिनदर्शिकेतून निर्माण होते. शाळांना एप्रिलच्या अखेरीपासून जूनपर्यंत, दिवाळीत आणि नाताळच्या आठवड्यात सुट्टी असते, आणि याच काळात राज्यभरातील कुटुंबे एकाच वेळी ताडोबाकडे वळतात. त्यात उन्हाळ्याची भर पडते. पानगळीने जंगल विरळ होते, नाले आटतात, प्राणी उरलेल्या पाणवठ्यांभोवती फिरू लागतात आणि म्हणून वाघ दिसण्याची शक्यताही याच दिवसांत सर्वाधिक असते. मुलांची सुट्टी आणि वाघाची तहान यांचा हा योग एप्रिल-मे महिन्यांतील सफारींचे आरक्षण कित्येक आठवडे आधीच संपवून टाकतो. शनिवार-रविवारी मागणी आणखी चढते आणि शुल्कही जास्त असते, तर मंगळवारी गाभा क्षेत्रातील सफारी बंद ठेवण्याचा प्रघात असल्यामुळे तो दिवस प्रवासाचा किंवा विश्रांतीचा म्हणून धरणेच योग्य. ज्या कुटुंबाला नोकरी व शाळा सांभाळून सोमवार, बुधवार, गुरुवार असे दिवस साधता येतात, त्याचा निम्मा प्रश्न तेथेच सुटतो.

उन्हाळा हाच एकमेव योग्य काळ आहे ही समजूत मात्र कुटुंबांनी तपासून पाहण्याजोगी आहे. चंद्रपूरचे तापमान मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जाते, दुपारच्या सुमारे चार तासांच्या सफारीत उघड्या जिप्सीवर ऊन सरळ डोक्यावर येते आणि लहान मुले किंवा सत्तरीतले आजी-आजोबा यांच्यासाठी ते चार तास नुसते कष्टाचे नव्हे, तर धोक्याचेही ठरू शकतात. याउलट नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंत गवत उंच असते, पाणी जागोजाग असते, वाघ शोधायला वेळ लागतो, पण जंगल हिरवे व पक्ष्यांनी भरलेले असते, आणि नाताळाचा आठवडा वगळला तर आरक्षणही तुलनेने सहज मिळते. पहाटेच्या सफारीत वारा अंगाला इतका झोंबतो की पांघरूण व कानटोपी घेतल्याशिवाय मुलांना बसवू नये. पहिल्यांदाच जंगल पाहणाऱ्या लहान मुलांसाठी हिवाळ्याची निवड अधिक शहाणपणाची आहे, असे येथे स्पष्टपणे म्हणावेसे वाटते. १ जुलै ते ३० सप्टेंबर या पावसाळी काळात गाभा क्षेत्र बंद असते, बफरमधील काही मार्ग मात्र रस्त्यांची स्थिती पाहून सुरू ठेवले जातात.

तारखेनंतरचा, आणि बहुधा सर्वांत दुर्लक्षित राहणारा निर्णय म्हणजे गेटची निवड. ताडोबाला एकच प्रवेशद्वार नाही. मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी आणि झरी ही गाभा क्षेत्राची प्रमुख गेटे जंगलाच्या वेगवेगळ्या बाजूंना आहेत, आणि बफरची आगरझरी, देवाडा, जुनोना, अलीझंजा, मदनापूर अशी गेटे त्यांच्या भोवती पसरलेली आहेत. एका गेटापासून दुसऱ्या गेटापर्यंत जंगलाला वळसा घालून जावे लागते आणि हे अंतर नकाशावर दिसते त्याहून बरेच मोठे निघते. मोहर्लीला मुक्काम आणि कोलाऱ्याची पहाटेची सफारी असा मेळ बसवणाऱ्या कुटुंबाला मुलांना पहाट होण्याच्या बऱ्याच आधी उठवावे लागेल. म्हणून सफारीचे गेट आधी निश्चित करावे आणि निवासाचे आरक्षण त्याच्या जवळच करावे. चंद्रपूरकडून येणाऱ्यांना मोहर्ली जवळ पडते, तर नागपूरकडून चिमूरमार्गे येणाऱ्यांना कोलारा सोयीचे. नागपूरपासूनचे अंतर दीडशे किलोमीटरच्या आत असले, तरी त्याच दिवशी मुंबई-पुण्याहून येऊन दुपारची सफारी गाठण्याचा बेत एखाद्या उशिरा आलेल्या गाडीने कोलमडू शकतो, आणि चुकलेल्या सफारीचे पैसे परत मिळतील असे गृहीत धरून चालत नाही.

सफारीचे आरक्षण वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावे. प्रत्येक पर्यटकाचे नाव व ओळखपत्राचा क्रमांक तेथे नोंदवावा लागतो आणि गेटवर तेच मूळ ओळखपत्र पाहिले जाते, म्हणून ऐन वेळी मावशीऐवजी आत्या येणार असे बदल अडचणीचे ठरतात. एका जिप्सीत वाहनचालक व गाईड यांच्याशिवाय सहा पर्यटक बसतात. आठ जणांच्या कुटुंबाला दोन जिप्सी घ्याव्या लागतात, त्या दोन वेगळ्या वाटांनी जाऊ शकतात आणि दोघांना वेगवेगळे जंगल दिसू शकते. हे मुलांना आधीच सांगितलेले असावे. गाईड घेणे सक्तीचे असते. बहुतेक गाईड व चालक आसपासच्या गावांतीलच तरुण-तरुणी असतात, आणि चितळाने दिलेला इशारा कुठल्या दिशेने आला, वानराचा आवाज बिबट्यासाठी आहे की वाघासाठी, हे ज्ञान त्यांनी पुस्तकांतून नव्हे, तर या जंगलाच्या काठी वाढताना मिळवलेले असते.

जंगलाच्या आतली गर्दी ही दुसरी आणि अधिक गंभीर बाब. सायटिंग, म्हणजे वाघाचे प्रत्यक्ष दर्शन, हाच सफारीचा हिशेब मानला की चालकावर दबाव येतो. इतर जिप्सींकडून बातमी कळताच तो वाहन वेगाने पळवतो आणि पाच मिनिटांत दहा-पंधरा वाहने एका वाघिणीच्या वाटेवर उभी राहतात. २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वन्यप्राण्यापासून किमान वीस मीटर अंतर राखणे, प्राणी दिसत असताना दोन वाहनांत पन्नास मीटर अंतर ठेवणे आणि एका प्राण्याजवळ पंधरा मिनिटांपेक्षा जास्त न रेंगाळणे अपेक्षित आहे. प्रत्यक्षात या मर्यादा पाळल्या जातात की नाहीत, हे बऱ्याच अंशी जिप्सीत बसलेल्या सहा जणांच्या वागण्यावर अवलंबून राहते. २०२४ च्या अखेरीस उमरेड-करहांडला अभयारण्यात एका वाघिणीला व तिच्या बछड्यांना पर्यटकांच्या जिप्सींनी दोन्ही बाजूंनी अडवल्याच्या चित्रफिती सर्वत्र पसरल्या आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून या घटनेची दखल घेतली. बछड्यांसह निघालेली वाघीण अशा वेढ्यात अडकली की ती रस्ता ओलांडण्याचे टाळते, बछडे मागे राहतात, पाण्यापर्यंत किंवा शिकारीपर्यंत पोहोचायला उशीर होतो, आणि उन्हाळ्यात या विलंबाची किंमत मोठी असते. गाभा क्षेत्रात मोबाइल नेण्यास मनाई असते, तीही अशी गर्दी टाळण्याच्याच संदर्भात समजून घ्यावी. "गाडी आणखी पुढे घ्या" असे चालकाला न सांगणे ही कुटुंबाच्या हातातली सर्वांत सोपी आणि सर्वांत परिणामकारक गोष्ट आहे, आणि वडीलधाऱ्यांनी ती पाळली तर मुलांना वेगळा उपदेश करावा लागत नाही.

वाघ न दिसलेली सफारी वाया गेली असे मुलांना वाटू नये, यासाठी निघण्यापूर्वीच घरात काही तयारी करता येते. ताडोबा हे साग व बांबूचे शुष्क पानझडी जंगल आहे, म्हणजे येथील झाडे कोरड्या ऋतूत पाने झाडून पाण्याचा खर्च वाचवतात. ऐन, बिजा, धावडा, तेंदू, मोह यांपैकी दोन-तीन झाडे जरी मुलांना खोडावरून ओळखता आली, तरी चार तासांचा प्रवास रिकामा राहत नाही. रानकुत्र्यांचा कळप, गवा, अस्वल, चौशिंगा, तलावातील मगर, काठावरचा मत्स्यगरुड हे सारे याच जंगलाचे रहिवासी आहेत, आणि रानकुत्र्यांची सामूहिक शिकार वाघापेक्षाही विरळा पाहायला मिळते. तलावाच्या काठी तारू या गोंड वीराचे स्थान आहे. वाघाशी झुंजताना तो मरण पावला अशी कथा सांगितली जाते आणि पौष महिन्यात तेथे आदिवासी भाविक येत आले आहेत. हे जंगल पर्यटकांच्या आधी कोणाचे होते, याची जाणीव मुलांना करून देण्यासाठी एवढी एक कथाही पुरेशी आहे.

बफर क्षेत्रातील सफारीला दुय्यम मानण्याची चूक अनेक कुटुंबे करतात. आरक्षण न मिळाल्यामुळे नाइलाजाने बफर घेतले, असा सूर नेहमी ऐकू येतो. वास्तविक वाघ गाभा व बफर यांच्यातील सीमारेषा पाळत नाहीत, बफरच्या वाटांवरही वाघ नियमित दिसतात, आणि तेथे गर्दी कमी असल्यास दर्शन अधिक शांतपणे घडते. सलग दोन सफारी गाभ्यातच घेण्याऐवजी एक गाभ्यात व एक बफरमध्ये अशी मांडणी केली, तर मुलांनाही दोन्हींतला फरक डोळ्यांनी कळतो. उरलेली दुपार मोहर्लीजवळ इरई धरणाच्या पाण्यावर घालवता येते. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राला पाणी पुरवणारा हाच जलाशय हिवाळ्यात पाणपक्ष्यांनीही भरतो.

बफरच्या वाटेवर आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती मुलांपासून झाकून ठेवू नये. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचायला आणि मे महिन्यात तेंदूची पाने तोडायला याच गावांतील माणसे, विशेषतः स्त्रिया, जंगलात उतरतात, आणि वाघाच्या हल्ल्यांच्या बातम्या याच दिवसांत वाढतात. ज्या आठवड्यात शहरातले कुटुंब जिप्सीत बसून वाघाची वाट पाहत असते, त्याच आठवड्यात तेथून काही किलोमीटरवर कोणी वाकून पाने तोडताना त्याच वाघाला घाबरत असते. निवास, जेवण, गाईड यांवर होणाऱ्या खर्चाचा शक्य तितका भाग या गावांतच राहील अशा रीतीने सहल आखणे, गावातल्या घरगुती निवासाला प्राधान्य देणे आणि गाईडला त्याच्या गावाबद्दल दोन प्रश्न विचारणे कोणत्याही कुटुंबाला जमण्यासारखे आहे, मग त्या सफारीत वाघ दिसो वा न दिसो.