गावी पाहुणे आले, तर लाभ कोणाचा?



हैदराबादची पुष्कळ मंडळी सुट्टीत आदिलाबादकडे कुंतालाचा धबधबा पाहायला जातात. त्या मुलखात गोंड बांधवांची गावे आहेत. पाहुणे नुसतेच फोटो काढून परतले, तर गावाच्या पदरी धूळ आणि प्लास्टिक एवढेच पडते.

याला दुसरी वाट आहे. महाराष्ट्रात अकोले तालुक्यातील पुरुषवाडी हे महादेव कोळ्यांचे गाव. पावसाच्या तोंडावर तिथे झाडाझाडांवर काजवे चमकतात. ते पाहायला आलेले पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरतात, जेवतात. घरे पाळीपाळीने ठरतात, म्हणून पैसा एकाच दारी साठत नाही. शेती न सोडता तिला जोड मिळते.

आपल्या गावी असे करायचे तर चार गोष्टी पाळू या :

१. दर व नियम सर्वांनी बसून ठरवावेत. मिळकतीचा काही भाग गावाच्या कामासाठी ठेवावा.

२. पिण्याचे पाणी उकळावे. संडास विहिरीपासून निदान ५० फूट दूर, उताराच्या बाजूला असावा.

३. ताटात आपल्याच शेतातली भाकरी, डाळ, भाजी वाढावी.

४. विचारल्यावाचून माणसांचे वा देवस्थानाचे फोटो नकोत. काजवे उजेडाच्या खुणेने जोडीदार शोधतात; त्यांच्यावर बॅटरी मारू नये.

आब्राहामाने तीन वाटसरूंना पाणी दिले, भाकर दिली. पाहुणचार आपला धर्मच आहे. पण यजमानाचा मान राखणे हा पाहुण्याचा धर्म आहे. सहलीला निघताना आपणही तो विसरू नये.